जावईबापूंची केळ

चोपडा, ८ जानेवारी १९८९

तीर्थस्वरूप नानांना भाच्याचा, म्हणजे पितांबरचा, साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा आणि रोपवाटिका, दोन्ही या थंडीत तग धरून असतील असं समजतो. मामींनी दिलेल्या कळण्याच्या भाकरीच्या पिठाची फार आठवण येते (संपलंय, सहज लिहिलं).

माझी नोकरी वाचली. हे आधीच सांगतो, नाहीतर मामी अर्ध्या पत्रातच देव पाण्यात ठेवतील.

आमच्या कॉलेजचे अध्यक्ष रुपचंद आबा मोठे केळीवाले. त्यांचे जावई चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत साहेब आहेत. दिवाळसणाला येताना त्यांनी एक दगड आणला. त्यावर लांबट पानाचा ठसा, मधोमध जाड शीर. जावई म्हणाले, केळीचं पान. दिवाळसणाला आलेल्या जावयाला 'नाही' कोण म्हणणार? आबांनी कॉलेजात काचेचं कपाट केलं, 'जगातली पहिली केळ' असा फलक रंगवला आणि उद्घाटनाला शास्त्रीय माहिती सांगायचं काम माझ्याकडे दिलं, कारण मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर (अजून कायम न झालेला, म्हणून जास्तच सोयीचा).

मी भिंग लावलं आणि घोटाळा कळला. केळीच्या बाजूच्या शिरा एकमेकींना न भेटता सरळ कडेला जातात. इथे त्या फुटत होत्या, पुन्हा जुळत होत्या. पानभर नुसती जाळी. हा 'बीजनेचा', म्हणजे फर्नच्या भावकीतला पण बिया धरणारा, पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झालेला. खरं बोलावं तर नोकरी जाते, खोटं बोलावं तर पोरांना कोणत्या तोंडाने शिकवू? उद्घाटनाला खास आलेले जावई पहिल्या रांगेत. मी सरळ भिंग आबांच्या हातात दिलं (भित्र्या माणसाला देव असंच काहीतरी सुचवतो).

आबांनी बराच वेळ पाहिलं. मग जावयाकडे न बघता म्हणाले, "हाई केळ नई शे, मास्तर. बठ्ठी जाळी शे. वारामा हाई कसं फाटी?" केळीचं पान वाऱ्यात शिरेशिरेने फाटतं, सगळी जाळीच असली तर फाटणार कसं, हे त्यांना भिंगाशिवायच ठाऊक. जावईही वाकून पाहून गेले आणि चहाकडे वळले. फलक उतरला. मला कायम करणार, असं आबांनी तिथेच सांगितलं. इतकं हलकं वाटलं की घरी येऊन भर दुपारी ताणून दिली.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
पितांबर

ता. क. आबांना ते पान फार आवडलंय. वाऱ्यात फाटणार नाही म्हणून ते झाड बागेच्या बांधावर लावायचं म्हणतात. रोपं कुठे मिळतील, असं विचारलं. (जावई शेजारीच उभे होते, एका दिवसात किती वेळा 'नाही' म्हणायचं?) मी तुमच्या रोपवाटिकेचं नाव सांगितलं. येत्या रविवारी ते धुळ्याला तुमच्याकडे येतील.

आणखी एक. माझ्या ऑर्डरवर सही ते धुळ्याहून परतल्यावर करणार आहेत. तेव्हा एकदम 'नाही' म्हणू नका. होती, पण जळाली म्हणा. ते खोटंही नाही. कधी जळाली, ते त्यांनी विचारलं तरच सांगा.