फुटामागे एक सूत

मेस्तरी, शेंगा फोडायचं यंत्र, हाताने फिरवायची कांद्याची चाळण, सायकलवर चालणारा पंप आणि उसाची मोळी ट्रकवर चढवणारी साखळीची शिडी, एवढं मी स्वतःच्या हातांनी केलं. आयटीआयचं तोंडही न बघता. पहिली तिन्ही केडगावला तुमच्याच शेडमध्ये, तुमचं काम उरकल्यावर. लिहायचंय ते चौथ्याबद्दल. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

शिडीला फूटभर व्यासाचं दातेरी चाक लागत होतं. तसं बाजारात मिळेना, म्हणून बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतून घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी सागवानाचा नमुना घडवला. नऊ दिवस एकेक दात कानशीने घासला, प्रत्येक दाताला साखळी लावून बघितली. बरोबर बारा इंच, केसाचाही फरक नाही. तो तुमच्या टेबलावर ठेवतो, तुम्ही चष्मा चढवून उलटासुलटा करून बघता आणि म्हणता, “झ्याक केलास की! मग एकच कशाला वततोस? भट्टी काय रोज पेटती व्हय? बारा काढ.” मला तो आशीर्वाद वाटला. तीन वर्षं साठवलेलं सगळं त्या बारा चाकांत गेलं.

श्रीगोंद्याच्या एका उसाच्या फडात तोडणीच्या मुकादमाने मला अर्धा दिवस दिला होता. त्याला पटलं तर त्याच्या सगळ्या टोळ्यांना शिड्या. पहिली मोळी निम्म्यापर्यंत चढते, साखळी दातांवर चढत जाते, सटकते, आणि मोळी धाडकन खाली. चाक बदललं, तेच. तिसरं लावलं, तेच. टोळीतल्या एका बाईने पडलेली मोळी उचलून डोक्यावर घेतली आणि फळीवरून चढता चढता म्हणाली, “दादा, आमची मुंडकीच बरी हायती. ती सटकत न्हाईत.” सगळा फड हसला. सगळ्यात मोठ्याने हसलात तुम्ही, बांधावर बसून. मुद्दाम स्कूटर काढून बघायला आला होतात.

“लाकूड न् बीड एकच व्हय रं? वतलेलं बीड थंड झालं की आवळतं. फुटामागं एक सूत.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिथेच मोजलं. बाराही चाकं नेमकी तेवढीच लहान. नमुनाच सूतभर मोठा करायला हवा होता, आणि हे तुम्हाला तो हातात घेतला तेव्हाच दिसलं होतं.

“मग आधी सांगायचं ना, मेस्तरी!”

“तू इचारलंस कधी? आमचं सूत जुनाट म्हनतोस, मला मिलिमीटर शिकवतोस.”

“पण बारा काढ म्हणालात की!”

“एकानं ध्यानात राह्यलं नसतं.”

राहिलं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कारागिराला मी पहिल्याच दिवशी, त्याने न विचारता, हे सांगतो. तुम्ही झाकून ठेवलेली विद्या आता केडगावात कुणालाही फुकट मिळते. आणि तुमचा तो मोठा लेथ, ज्याला आम्ही हात लावलेला तुम्हाला खपत नव्हता, दसऱ्याला ज्याची पूजा तुम्हीच करायचात, तो तुमच्यामागे भंगारवाल्याकडे गेला. त्याच्याकडून मी घेतला. दुरुस्त होण्यासारखा होता. मी फोडला. घणाचा पहिला घाव माझा. तेच बीड वितळवून शिडीची चाकं ओतली, फुटामागे एक सूत धरून. एकाही दातावर साखळी चढली नाही. त्या दिवशी दुपारी मी पोटभर जेवलो. त्या शिड्या आज त्याच मुकादमाच्या टोळ्या वापरतात.

गेल्या आठवड्यात तुमचा मुलगा आला होता. “काका, शिडीचे हक्क विकत द्या. वडलांच्या नावानं काढतो. तुम्ही त्यांच्याच शेडमध्ये शिकलात ना?” म्हटलं, “चहा संपव आणि ऊठ.” हे सगळं लिहून त्याच्याच हाती द्यायचं मनात होतं. पण लेथचं त्याला माहीत नाही. भला पोरगा आहे. कागद माझ्याकडेच राहील.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, किती देत होता? मी म्हणालो, तीन लाख. “बरं केलंत,” म्हणाली. मेस्तरी, तो अठरा लाख देत होता.