तुझ्या पाटीवरचा बॉम्ब

प्रिय दादा,

जयभीम.

काल विहारात तुझ्यावरून भांडण झालं. काढलं मीच. आणि विहाराचं बघणाऱ्या गौतमकाकांनी त्याचा शेवट माझ्याच गळ्यात घातला, म्हणून नांदेड स्टेशनसमोर चहाच्या टपरीवर बसून तुला लिहून राहिलो.

तू गेल्याला वर्ष होतंय. रविवारी पुण्यानुमोदन. त्याच दिवशी विहाराच्या अभ्यासिकेला तुझं नाव द्यायचंय. बघ, मेल्यावरसुद्धा पहिला नंबर तुझाच!

काकांनी पाटीचा मजकूर वाचून दाखवला. वर तुझं नाव, खाली ‘अणुबॉम्बचे शास्त्रज्ञ’. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गावात हा बॉम्ब कोणी आणला, माहीत आहे ना? तुला अणुभट्टीच्या नोकरीवर घेतलं तेव्हा मी सातवीत होतो. गुरुजींनी विचारलं, “दादा काय करतो रे?” वीज म्हणालो असतो, तर वीज आमचा वायरमनही बघतो! मी म्हणालो, “बॉम्ब.” त्या दिवसापासून मी बॉम्बवाल्याचा भाऊ. स्वतःचं काही नव्हतं माझ्याकडं. तुझंच वाढवून त्यातलं थोडं घेतलं.

तू सुट्टीत आलास की चिडायचास. “संघ्या, बॉम्ब न्हाई रे. मीठ!” लोक अजूनच हसायचे.

एकदा तू मायच्या चुलीवर गूळ वितळवलास. आठवतं? “ही आमची भट्टी. इंधन कांड्यांत भरलेलं नसतं, असं पातळ असतं, वितळलेल्या मिठात मिसळलेलं. जास्त तापलं की तळाचं बूच वितळतं आणि...” म्हणत सगळा पाक परातीत ओतलास. “खाली टाकीत जाऊन आपोआप थंड!” माय ओरडली, “आरं, पाव्हण्यांच्या चहाचा गूळ हाय त्यो!” मी परात चाटत होतो आणि आतून जळत होतो. तुझ्याकडं सांगायला एवढं, आणि माझ्याकडं फक्त चाटायला?

म्हणून खोचून विचारलं, “एवढी चांगली, तर कुठं दिसत का न्हाई?”

तू खूश झालास! जन्मात एकदा माझ्या प्रश्नावर खूश झालास.

“परदेशात चालली होती, काही वर्षं. बंद केली.”

“बिघडली?”

“मीठ पाइप खातं, हे खरं. पण त्यावर इलाज शोधायला वेळ कोणी दिला? आधी त्यांना पाणबुडीसाठी भट्टी पाहिजे होती. तिथं पाण्यानं थंड होणारी भट्टी बसली. मग कारखाने, पैसा, शिकलेली माणसं, सगळं तिच्यामागं. उरलेलं ज्याची सरकारात वट, त्याच्या भट्टीला. कोणी म्हणतं, मिठाची भट्टी बॉम्बच्या कामाची नव्हती म्हणून मारली. तेवढंच न्हाई रे. आपल्याकडची ज्वारी वाईट होती म्हणून गेली का? दुकानात बियाणं सोयाबीनचं, मोंढ्यात भाव सोयाबीनचा, कारखाना सोयाबीनचा. ज्वारीच्या बाजूनं बोलायला कोणी उरलंच न्हाई.”

ज्वारीवरून आठवलं. लातूरला मेसचे डबे पोचवायचो ना मी, क्लासच्या पोरांना. प्रत्येक खोलीत एक तू बसलेला! पुस्तकात तोंड, डबा आला तरी मान वर नाही. एकाला मी मुद्दाम भाजी कमी घालायचो. चष्मा डिट्टो तुझ्यासारखा होता त्याचा. त्याचं बिचाऱ्याचं काय चुकलं होतं?

वहिनीचा फोन तिथंच आला होता. “भावजी, ह्यांचं काम बंद झालं. माणसं दुसऱ्या भट्ट्यांवर वाटून दिली. हे कोणाशी बोलत न्हाईत.” मी “अरे अरे” म्हणालो. आणि दादा, त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तू जिवंत असताना हे सांगायची हिंमत झाली नाही. तुला फोन करायला पाहिजे होता. नाही केला. पण तूही कधी सांगितलंस का? मी काय एवढा परका होतो?

तर काल. टाळ्या थांबल्या आणि मी उठलो. “बॉम्ब खोडा.”

“का रं?” काका म्हणाले.

“दादानं बॉम्ब बनवलाच न्हाई. एका भट्टीवर काम केलं. ती बंद केली.”

मागून कोणीतरी म्हणालं, “म्हंजे काहीच केलं न्हाई की!”

खरं सांगू? ऐकून मला बरं वाटलं. मी तुझी बाजू घ्यायला उठलो होतो, का तुला खाली ओढायला? अजून कळलेलं नाही.

वहिनी पुढं सतरंजीवर होती. मागं वळून म्हणाली, “भावजी, सांगायचं तर पुरं सांगा. अर्धं सांगून बसू नका.”

मग बोललो. गूळ, पाणबुडी, ज्वारी, सगळं. मध्येच देगलूरच्या एका ट्रकवाल्याची गोष्टपण घुसली, ती का ते मलाच माहीत नाही. पण लोक ऐकत होते, दादा! ज्यानं टोमणा मारला त्यानंच विचारलं, “मग आता कोणी बनवून राहिलं का ती?” मी म्हणालो, “हाव. चीननं बनवली म्हणतात.” तो म्हणाला, “मग आपली का थांबवली?” सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुझ्याकडं बघायचे तसे.

काका काळजीत. “पण बंद पडलेलं काम पाटीवर कसं लिहायचं? पोरं अभ्यासाला येतात तिथं.” आणि मग, “तूच लिहून दे. नांदेडचा पेंटर उद्या रंगवणार हाय.”

तीन चहा झाले. ‘थोर’ लिहिलं, खोडलं. खाली ‘सौजन्य: धाकटा भाऊ’ लिहिलं, तेही खोडलं. हसू नको!

आता राहिलंय ते असं: ‘यांनी वितळलेल्या मिठाच्या अणुभट्टीवर काम केले. ते काम बंद करण्यात आले. का, ते विचारा.’

पोरं विचारतील तर सांगायला माणूस पाहिजे. म्हणून शब्द देतो, दर रविवारी गावात थांबीन. मी, ज्याला एका जागी तीन दिवस करमत नाही! बॉम्ब घालून सांगणार नाही, आणि बंद पडलं हेही लपवणार नाही. जळणं थांबवीन असा शब्द मात्र देत नाही, ते होणार नाही माझ्यानं. कोणीतरी नक्की म्हणेल, “अगदी दादासारखं सांगतो.” म्हणू दे. मी ऐकून घेईन आणि पुढचं सांगत राहीन.

तुझा,
संघ्या