ओला फडका

सोमवार, ४

सगळं बदललं ते आज दुपारी, मामांनी ओला फडका माझ्या अंगावर फेकला तेव्हा. म्हणाले, कॉलेज सोडलंस, हा सोडू नकोस. मामा म्हणजे शिल्पकार; त्यांची भाची मामा म्हणते म्हणून कारखान्यातले सगळेच म्हणतात. पहिला धडा: मातीचं काम अर्धं असेल तर संध्याकाळी त्यावर ओला फडका टाकल्याशिवाय घरी जायचं नाही. माती सुकली की तडकते.

उंच खिडक्या, शाडूचा गार वास, भिंतीवर टांगलेले प्लास्टरचे पाय. प्राध्यापकाची कॉलर धरून बाहेर पडलेल्याला याहून बरं काय मिळणार! भाचीने चहा दिला. साखर होती की नाही, आठवत नाही.

गुरुवार, ७

जेवणानंतर पोत्यांवर डुलकी लागली आणि स्वप्नात ते आलं. जुन्या कथांत असतं तसलं जनावर: सिंहाचं धड, खवल्यांचे पंख. पण पुढच्या पायांना पंजे नाहीत आणि चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत गोळा. तो माझ्या तोंडाशी आणून ते हुंगत होतं.

मामांना सांगितलं. म्हणाले, झोपायचा पगार देत नाही मी, पण हे नाट्यगृहाच्या दारात शोभेल, बांध सांगाडा. साचे काढणारा, ज्याला सगळे चुनखडी म्हणतात, तो म्हणाला, तोंड नाही म्हणजे बापावर गेलंय. एक दिवस त्याचे दात घशात घालणार आहे.

बुधवार, २०

धड झालं, पंख झाले. पंजे माझ्याच हातांवरून केले, एक हात टेकवून दुसऱ्याने. डाव्या अंगठ्यावरचा व्रणसुद्धा उतरवला. चेहऱ्यासाठी भाची बसली. म्हणाली, नाक तरी धड कर रे, लग्नात लोक हसतील. मी विचारलं, लग्न कुणाशी? ती नुसती हसली. माझ्याकडे बघूनच हसली. खरंच.

शनिवार, २३

काल ती चुनखडीच्या सदऱ्यावरचं प्लास्टर नखाने खरवडत होती. माझं डोकं फिरलं. तसाच निघालो, फडका टाकायचा राहिला.

आज मातीच्या खालच्या ओठाला उभी चीर. भाचीच्या ओठालाही. तिथेच, तशीच. हवेने झालं असेल, म्हणाली. हसताना रक्त आलं. माझी बोटंही आखडली होती, रागाने मुठी आवळून झोपलो असेन. मातीवर पाणी मारून चीर बुजवली. चहाच्या वेळेला तिचा ओठ साफ.

सोमवार, २५

खात्री केली. कोरणीचं टोक मातीच्या गालात, मोहरीएवढं. पलीकडच्या खोलीत ती आई गं म्हणून ओरडली.

वाईट वाटायला हवं होतं.

गुरुवार, २८

तिला सांगून टाकलं. मनातलं सगळं. ती म्हणाली, अरे, तू मला धाकट्या भावासारखा. भावासारखा! चुनखडीशी ठरलंय, रविवारी लग्न. वर म्हणते, भाऊराया, पाहुण्यांना पाणी द्यायला तूच हवास हं.

देतो. पाणीच देतो.

रविवार, ३१

सगळे लग्नाला. इथे मी आणि ते.

फडका काढला. पंखे सुरू. खिडकीतलं ऊन बरोबर चेहऱ्यावर—

कपाळापासून हनुवटीपर्यंत चर्रर्र. तिकडे आत्ता फोटो काढत असतील. बघ म्हणावं आता कोण हसतं—

ते हसलं. चेहरा तिचा. हसू तिचं नाही.

पेन हातात राहत नाही—

ते खाली बघतंय. पंजांकडे. तेही सुकलेत. मातीच्या अंगठ्यावरचा व्रण उघडला— माझाही— रक्त नाही, नुसती भेग—

पाण्याची बादली समोर. कडी धरता येत नाही. लाथ मारून पाडली, सगळं पाणी फरशीवर, त्याच्यापर्यंत एक थेंब नाही—

सांगाड्याचे गज कुरकुरले. एक पाय चौथऱ्यावरून खाली—

बाहेर आलो. खांद्याने दार ओढलं. लॅच खटकन लागलं.

पेन दातात धरून लिहितोय. आतून आवाज. तिचा. फडका टाक म्हणते, भाऊराया, जळतंय रे, फडका—

टाकतो. टाकतो गं. किल्ली खिशातच आहे, फक्त बोटं—