दादाच्या सिनेमातली विहीर

बदलापूर, ८ जानेवारी १९९२

चि. सुदाम यास अंजनीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

एका स्टेशनाच्या अंतरावर राहून पोस्टाचं पाकीट टाकते म्हणून तुळशी हसली असेल. हसू दे. समोर बोलायला गेलं की तू मधेच तोंड घालतोस आणि मग मी ओरडते. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही. शिवाय दादाच्या दहाव्याला तुझ्या दारातून निघाले, ती परत पायरी चढायची नाही असं ठरवूनच.

माझ्या गोदूच्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं पत्रक आणलं. कै. हेमचंद्र यांच्या समग्र चित्रपटांचा महोत्सव, पाच दिवस, पाच सिनेमे. आपल्या दादाचा फोटो छापलेला बघून डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पण तिसऱ्या दिवशी 'काठावरची' आहे. सुदाम, तेवढा एक काढ. बाकीचे चार खुशाल दाखव. अंबरनाथमध्ये तो बघायला बसणारा निम्मा गाव मला ओळखतो आणि गोदूनं तो अजून बघितलेला नाही. टीव्हीवर लागला त्या रविवारी मी तिला घेऊन कर्जतला मावशीकडे पळाले होते, विसरलास का?

तुळशीला सांग, ब्लाउज तयार आहेत, कुणाला तरी पाठव. तू बिडी सोडलीस असं ती म्हणते. मला खरं वाटत नाही.

लोभ आहेच, त्याची परीक्षा बघू नकोस.

तुझी ताई,
अंजनी


अंबरनाथ, १५ जानेवारी १९९२

ती. अंजनीताईस सुदामचा शि. सा. नमस्कार.

संक्रांत झाली, तिळगूळ पाकिटात घालता येत नाही, तेव्हा तू गोड बोल एवढंच मागतो.

ताई, तू त्या दिवशी घाटावर होतीस. शिवमंदिरामागे नदीकाठी पिंड ठेवला, कावळे समोरच्या चिंचेवर बसलेले, आणि एक खाली येईल तर शप्पथ. भटजी म्हणाले, इच्छा राहिलीय, बोला. दादाला ना बायको ना पोर, बोलणार कोण, मीच. घर सांभाळीन म्हटलं, नाही. ताईला अंतर देणार नाही म्हटलं, नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी हात जोडून म्हटलं की दादा, तुझे सगळे सिनेमे आपल्या गावात दाखवीन, एकही गाळणार नाही. तेव्हा कुठे कावळा झेपावला. आता मी एक गाळायचा कसा? गेलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे तो.

आणि तो त्याचा सगळ्यात मोठा सिनेमा आहे, ताई. मुंबईहून फिल्म सोसायटीचे लोक त्याच्यासाठीच येणार आहेत. ते म्हणतात, त्याच्यासारखा शेवट अख्ख्या मराठी पडद्यावर नाही. तू त्रास करून घेऊ नकोस. सिनेमा तो सिनेमा. उलट उद्घाटनाचा दिवा तुझ्या हातून लावावा असं आमच्या मंडळाचं ठरलंय. गोदूलाही आण.

बिडी खरंच सोडली आहे. पायरी चढशील या आशेवर आहे.

तुझा,
सुदाम


बदलापूर, २० जानेवारी १९९२

चि. सुदाम, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मशीन बंद करून बसले. उल्हासनगरच्या शेठचा गाऊनचा माल तसाच पडलाय. तू काय लिहिलंस ते तुला तरी कळलं का रे? ताईला अंतर देणार नाही म्हटलं तर कावळा जागचा हलला नाही. सिनेमे दाखवीन म्हटल्यावर झेप घेऊन आला. हे मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून तर तुझ्या दारातून निघाले. आणि तू तेच मला परत लिहून पाठवतोस. धन्य आहे तुझी.

दादा मोठा होता, कबूल. बारवीकडच्या वाडीवरचा पहिला सिनेमा मी कितीदा तरी बघितलाय. त्यात वाडीवरच्या देऊची बायको जिजा चूल फुंकते, तेवढ्यासाठी. पण त्याच जिजाची झोपडी त्यानं खरीच जाळली, खोटी आग खोटी दिसते म्हणून. दुसऱ्यात आपल्या बापूंचा खोकला आहे. लोक म्हणतात काय अभिनय! बापू खोकत होते आणि हा कॅमेरा जवळ सरकवत होता. आई पाणी घेऊन आली तर तिला हातानं थांबवलं. त्याची कामाची रीतच ती. घरातलं माणूस उचलायचं आणि शेवट आपल्याला हवा तसा लावायचा. चौथ्यात तुला त्यानं संपाच्या मोर्चात पुढे उभा केला, छातीवर लाठी झेलताना. खरा तू त्या दिवशी वांगणीला सासुरवाडीत कणगीमागे दडून बसला होतास, तुळशीनंच सांगितलंय मला. तुला शूर केलं आणि मला विहिरीत ढकललं. मग सगळे सिनेमे दाखवायची हौस तुलाच असणार.

नवऱ्यानं टाकली म्हणून मी पोटुशी परत आले. मागच्या पायरीवर बसून दादाजवळ मन मोकळं केलं. तो ऐकत होता, डोळे पुसत होता. दोन वर्षांनी त्याच पायरीवर माझंच हिरवं पातळ नेसून एक नटी बसली, माझेच शब्द बोलली आणि उठून आपल्या परसातल्या विहिरीत गेली. टाळ्या पडल्या, दिल्लीचं बक्षीस आलं. आणि शेजारच्या बनूबाईनं त्या विहिरीचं पाणी भरणं सोडलं! मी गोदूला कडेवर घेऊन समोर उभी, आणि ही बाई काठावर नारळ ठेवून हात जोडतेय. मी म्हटलं, अगं बाई, मी ही काय इथे आहे. तर म्हणते, असू दे, पण तिथे तू गेलीस ना! त्याच वर्षी मी बदलापूरला खोली घेतली.

दादाला विचारलं होतं मी, मला मारलंस का म्हणून. शांतपणे म्हणाला, तू जगलीस तर सिनेमा संपतच नाही. नाहीच संपला. अजून चाललाय, ओव्हरलॉकच्या मशीनवर.

दिवा दुसऱ्या कुणाकडून लावून घे. मेलेल्या बाईला बोलावू नये. लोभाचं काय ते तू आणि तुझा कावळा बघा.

अंजनी


अंबरनाथ, २४ फेब्रुवारी १९९२

ती. ताईस सुदामचा शि. सा. नमस्कार.

शिवरात्रीच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला लागलेत. पण घरात कुणाला त्याचं कौतुक नाही. तुझ्यापर्यंत काही पोचलं असेल, काही नसेल, म्हणून लिहितो.

पहिले दोन दिवस खुर्च्या रिकाम्या. तिसऱ्या दिवशी लोक भिंतीला टेकून उभे. गोदू मागच्या रांगेत होती. तुला सांगून आली की न सांगता, मला ठाऊक नाही. मी तिला बाहेर काढायला निघालो तेवढ्यात दिवे मालवले.

सिनेमा संपल्यावर मुंबईचे एक समीक्षक बोलायला उभे राहिले. विहिरीवर बराच वेळ बोलले. एका उडीत दोन जीव विझतात, याहून खरा शेवट असूच शकत नाही, असं म्हणाले. तेव्हा गोदू उठली. आवाज चढवला नाही पोरीनं. म्हणाली की पोटातला तो दुसरा जीव मी आहे. आई बदलापूरला असते, आज सकाळी तिनं मला भेंडीची भाजी डब्यात दिली. आम्ही जगलो त्यात काय कमी होतं, तेवढं सांगा.

त्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. मुलीच्या भावना समजतात, पण कलेचं सत्य वेगळं असतं, आणि शेवट विहिरीचाच योग्य, असं म्हणाले. टाळ्या वाजल्या, ताई. त्यांना वाजल्या. मीही दोन वाजवल्या असतील, हात आपोआप उठले, मग लाज वाटली. बाहेर बनूबाईनं गोदूला गाठलं. थकलीय आता. पोरीच्या तोंडावरून हात फिरवून रडत विचारत होती, आई गेल्यावर तुला कुणी गं वाढवलं?

दुसऱ्या दिवशी माझा सिनेमा होता. गेलो नाही.

तू रागाव, पण लिही.

सुदाम


बदलापूर, १ मार्च १९९२

चि. सुदाम यास आशीर्वाद.

गोदू न सांगताच गेली होती. परत आली, जेवली आणि माझ्याशेजारी बसून गाऊनला बटणं लावायला लागली. दोरा तोडताना विचारलं, आई, तुला तेव्हा खरंच जावंसं वाटलं होतं का? मी खरं ते सांगितलं. वाटलं होतं. काठापर्यंत गेले होते. मग सपाटून भूक लागली, म्हणून आत येऊन आईनं झाकून ठेवलेली भाकरी खाल्ली, चटणीबरोबर. खाता खाता हुंदके देत होते, पण अख्खी खाल्ली. हे मी त्या पायरीवर दादालाही सांगितलं होतं. त्यानं काठ घेतला, भाकरी गाळली.

मी रागावले नाही. रागावून काय करू, तूच एक उरलास. तुळशीला म्हणावं, ब्लाउज न्यायला आता तिनंच यावं, चहा टाकते. मी काही पायरी चढणार नाही.

एक सांगून ठेवते. माझं दहावं तुलाच करावं लागेल. कावळा शिवला नाही तर सिनेमाचं नाव काढू नकोस, वचनं देत बसू नकोस. त्या घाटावर, बनूबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांग की ही विहिरीत गेली नव्हती, हिनं भाकरी खाल्ली होती. मग बघ येतो की नाही.

लोभ ठेव. मी जिवंत आहे तोवर ठेव.

तुझी ताई,
अंजनी