गॅसबत्तीच्या पेटीची दोरी

बाबा,

माझं सगळं बदललं ते गेल्या बुधवारी सकाळी, घाट उतरताना तिसऱ्या वळणावर, एका म्हशीमुळे. म्हशीमुळे, असं मी चार दिवस सगळ्यांना सांगतोय. तुम्हाला तसं सांगून चालणार नाही. कारण दोरी तुमची आहे, आणि ती ह्या घटकेला माझ्या विजारीच्या खिशात आहे, अख्खी, एकही धागा न तुटलेली.

तुम्ही गेलात तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आता एकविसावं संपत आलं. आई लालबागच्या आपल्या त्याच खोलीत आहे. मी कॉलेज इंटरला असताना सोडलं. चळवळीसाठी सोडलं असं सगळ्यांना छाती काढून सांगतो, आणि ते निम्मं खरं आहे. मुंबईसह महाराष्ट्र हवा म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं होतं, आणि आमचे प्रोफेसर खिडक्या लावून घेऊन शिकवत होते. मी उठलो, खिडकी उघडली, ते ‘बसा’ म्हणाले, मी बसलो नाही. एवढं निम्मं. उरलेलं निम्मं असं की परळच्या एका गिरणीच्या दारात टेबलावर उभी राहून एक मुलगी गात होती आणि मी ते आदल्या संध्याकाळी ऐकलं होतं. तिच्या कलापथकात माणूस हवाय असं कळलं. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. पथक चालवणाऱ्या मास्तरांनी विचारलं, “मग तुम्हाला येतं काय?” मी म्हटलं, “सामान बांधता येतं.” सगळे हसले. ती सगळ्यात जास्त हसली.

पण बाबा, आठ दिवसांत कोणी हसेनासं झालं. आमची गाडी म्हणजे एका शाळेची भंगारात निघालेली बस. बाकं उपटून दोन्ही बाजूंना फळ्या मारल्यात. त्यात सात माणसं तीन-तीन आठवडे राहतात, झोपतात, शिजवतात, गाण्यांची तालीम करतात. मी गेलो तेव्हा ओले टॉवेल हार्मोनियमवर, चपला तांदळात आणि मास्तरांची पुस्तकं जिकडेतिकडे. मी भांडलो, दोनदा रुसलो, एकदा मास्तरांचा पानाचा डबा खिडकीतून बाहेर फेकला आणि परत आणून दिला. मग तुमचे कायदे लावले. जड ते खाली, चाकांच्या मधोमध. ओलं काही आत आणायचं नाही. माणशी एक ट्रंक आणि एक खुंटी, त्यात मावेल तेवढंच बरोबर. चपला दाराशी खोक्यात. भांडी राखेने घासल्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि जागा सोडताना तिथे चूल होती हे कोणाला कळता कामा नये, दगडसुद्धा जिथून आणले तिथे परत. शेवटचा कायदा मोठा: ज्याची वस्तू त्यानेच तिला हात लावायचा.

हे सगळं मी शिकलो कुठे, तर दहा बाय दहाच्या खोलीत. तुम्ही बोटीवर खलाशांचे स्वयंपाकी. दहा महिन्यांनी घरी यायचात आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वयंपाकाच्या कोपऱ्यात उकिडवे बसून तो बोटीसारखा करायला घ्यायचात. फळीच्या पुढच्या कडेला दोन बोटं उंचीची पट्टी ठोकलेली, डबे पडू नयेत म्हणून. कपांना आकडे. रॉकेलचा डबा भिंतीला दोरीने जखडलेला. आई म्हणते, “अवो, चाळ काय हालता काय?” आणि तुम्ही वर न बघता म्हणता, “कोणाक म्हायत.” मी शेजारी बसलोय. माझ्याकडे रॉकेलच्या डब्याचं काम आहे. मी म्हणतो, बांधलं. तुम्ही बोट लावता आणि डबा डुगडुगतो. तुम्ही मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. म्हणालात, “झिला, बोटीर एकान ‘बांधलंय’ म्हणान सांगल्यान, की बाकीचे त्या शब्दार निजतत. ओढून बघ, मगे सांग.” त्याच सुट्टीत तुम्ही मला ही दोरी दिलीत, दोन वाव लांब, म्हणजे हात पसरून दोनदा मोजली की होते तेवढी. समुद्राच्या पाण्यात मुरलेली, डांबराच्या वासाची. दुसऱ्यांच्या बापांनी मुलांना बॅटी आणल्या. मी गाठी मारत बसलो.

त्या दोरीने मी गाडीत गॅसबत्त्यांची पेटी बांधायचो. काचेचा माल, खाली ठेवला तर कोणीतरी पाय देणार, म्हणून ती खांद्याइतक्या उंच फळीवर, दोन कड्यांना आवळून. ती पेटी माझी, तिला दुसरं कोणी हात लावत नाही. आणि निघायच्या वेळची आमची रीत अशी: मागच्या टोकापासून एकेक जण ओरडतो. ढोलकी बांधली! भांडी बांधली! ट्रंका बांधल्या! मी सगळ्यात शेवटी. मी ‘सगळं बांधलं!’ म्हटल्याशिवाय काका, म्हणजे त्या गाणाऱ्या मुलीचे सख्खे चुलते, गाडी सुरूच करत नाहीत. त्यांनी आयुष्यभर लॉऱ्या चालवल्या. मागे वळून बघत नाहीत कधी. म्हणतात, “माझे डोळे पुढं. मागचे डोळे तुझे, पोरा. तू आरडलास की मी निघालो.” मागच्या वर्षी त्यांच्या सगळ्या चाळीने बौद्ध धर्म घेतला. तेव्हापासून दारू नाही, विडीसुद्धा नाही, आणि रोज सकाळी स्टिअरिंग ओल्या फडक्याने पुसतात. ते गाडीत आहेत म्हणूनच तिच्या घरच्यांनी तिला पाठवलंय. काका नाहीत तर तीही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, बाबा.

मी तिच्यावर किती जीव टाकतो हे तुम्हाला लिहायला लाज वाटते, पण कॉलेजसाठी मी ज्यांच्याकडे राहायचो त्या गिरगावच्या मामांना कळलं तेव्हा त्यांनी मला घरातून जा म्हटलं, एवढ्यावरून समजा. मामांनी विचारलं होतं, “त्यांच्या हातचं पाणी पितोस?” मी म्हटलं, “गाडीत माठ एकच आहे, आणि तो तीच भरते.” माझी ट्रंक मी पाच मिनिटांत बांधली. तिला मात्र मी यातलं एक अक्षर बोललेलो नाही. ती मला ‘ओ गाठवाले’ म्हणते. कोणी ट्रंकेची किल्ली हरवली तरी, “विचारा गाठवाल्यांना, त्यांनी किल्लीलाही बांधून ठेवलं असेल.”

बुधवारी सकाळी सगळे बाहेर चुलीचे दगड परत टाकत होते आणि मी आत बसून तिला पत्र लिहीत होतो. चार पानं झाली होती. चौथ्या पानावर मी लिहिलं, तुझ्यापासून मी कधी काही लपवणार नाही. तेवढ्यात पायरीवर तिची चाहूल. सात माणसांच्या गाडीत लपवायला जागा कुठे? एकच, जिला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही ती. मी पेटीची दोरी सोडली आणि कागद पेटीमागे सारले. ती दारात उभी, पदर कमरेला खोचलेला, हात राखेने माखलेले. “काय ओ गाठवाले, झालं का? का आज आम्ही आरडू?” माझं तोंड तापलं होतं. तिने माझ्याकडे बघून काही ओळखलं असेल का, एवढंच डोक्यात. मी म्हटलं, “सगळं बांधलं!” आणि काकांनी गाडी सुरू केली.

म्हैस खरंच आडवी आली. काकांनी ब्रेक लावला तो लावायलाच हवा होता. पेटी फळीवरून सुटली, तिच्या कपाळावर आदळली आणि खाली पडली, आतल्या काचा फुटल्या. भुवईच्या वर तीन टाके पडले. बत्त्या गेल्या, तीन गावांचे कार्यक्रम गेले. दवाखान्याच्या ओट्यावर मास्तर काकांना म्हणाले, “अहो, ब्रेक लावायची काही पद्धत असते की नाही? पोरीचा डोळा गेला असता!” काका एवढंच बोलले, “पेटी बांधलेली हुती न्हवं?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही. माझ्या बांधण्यावर कोणाला संशय येतच नाही. मी म्हटलं, “होती. दोरी तुटली असेल धक्क्याने.” दोरी आणि ती चार पानं तेव्हाच माझ्या खिशात होती. सगळे तिला उचलत होते, आणि मी काचांतून दोरी उचलत होतो. ह्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो, बाबा. पण आहे ते असं आहे.

मुंबईला परत येताना गाडीत कोणी गायलं नाही. ती माझ्या समोर बसली होती, कपाळाला पट्टी. हळूच म्हणाली, “काका जेवत नाहीत. म्हणतात, माझा पाय म्हातारा झाला. मास्तर दुसरा ड्रायव्हर बघतायत.” मग म्हणाली, “तुम्ही एकदा नीट आठवा ना, पेटी सुटली कशी?” मी म्हटलं, “सांगितलं ना, दोरी तुटली.” ती एवढ्या दुखण्यातही हसली. “तुमची दोरी? जा हो. ती बैलजोडीने ओढली तरी तुटायची नाही.” आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिली. तिने मला पकडलं नव्हतं. तिने माझी तारीफ केली होती. बरं झालं असतं पकडलं असतं तर.

आज पाचला मास्तरांच्या दादरच्या खोलीवर बैठक आहे. नवा माणूस ठरणार, काकांना नमस्कार करून घरी पाठवणार. काका भांडणार नाहीत. आयुष्यभर लॉरी चालवून शेवटी स्वतःच्या पायावरचा विश्वास घालवून घरी बसतील, तीही बसेल, आणि मी गाडीत ऐटीत ‘सगळं बांधलं’ ओरडत पुढच्या दौऱ्यावर जाईन. आम्ही गावोगाव सांगत फिरतो की आपल्या हक्काचं कोणी लपवून ठेवलं तर ते मागून घ्या. आणि मी पुढे चाकावर बसणाऱ्या माणसाची अब्रू खिशात घालून फिरतोय.

गाडी हिंदमाताच्या मागच्या गल्लीत एका वखारीशेजारी उभी आहे. मी सकाळपासून आत आहे. आधी झाडली, मग फळ्या ओल्या फडक्याने पुसल्या. शेवटचे काचेचे तुकडे फळ्यांच्या फटीतून सुईने काढले. सातही ट्रंका आपापल्या जागी. तिच्या खुंटीवर तिचा शेला आहे, त्याला हात लावला नाही. रिकामी पेटी नव्या सुंभाने बांधली, ओढून बघितली, दोनदा. उद्यापासून पेटी कोणाचीही असो, मागे काही सापडणार नाही. तिला लिहिलेली चार पानं फाडून स्टोव्हच्या बर्नरवर जाळली आणि राख बाहेर टाकली. चौथं पान तिला द्यायचा मला हक्क नाही. पुढे कधी मिळाला तर नवीन लिहीन, तेव्हा एकच पान पुरे.

मी काय करणार ते ठरलंय. मास्तरांनी तोंड उघडायच्या आत ही दोरी टेबलावर ठेवणार आणि म्हणणार, ही तुटली नव्हती, मी सोडली होती, कशासाठी ते विचारू नका, काकांचा पाय म्हातारा झालेला नाही. कशासाठी ते तिने विचारलं तर मात्र सांगणार, सगळ्यांसमोर विचारलं तर सगळ्यांसमोर. मला काढतील. काढू देत. काका चाकावर बसतील, ती गाईल, गाडी जाईल. माझं डोकं किती तापट ते तुम्हाला माहीत आहे, आज त्या डोक्याने एकदा उपयोगी पडावं एवढीच इच्छा. मास्तर ‘बसा’ म्हणतील. मी बसणार नाही.

एक राहिलं. तुमच्या शेवटच्या खेपेला तुम्ही मला तुमची वळकटी बांधायला दिली होतीत. मी बांधली, ‘बांधलं’ म्हटलं. तुम्ही ती खांद्यावर घेतलीत, आणि मी गॅलरीतून पाहिलं, खाली जिन्याच्या तोंडाशी तुम्ही ती उतरवलीत, गाठ सोडलीत आणि पुन्हा बांधलीत. मला इतका राग आला की मी नाक्यापर्यंत पोचवायला आलो नाही. आई हाका मारत होती, मी मोरीत जाऊन बसलो. त्यानंतर तुम्ही आलात ते तापातच, आणि बोलायला राहिला नाहीत. दहा वर्षं मी मनात म्हणत आलो, बाबांचा माझ्यावर विश्वास नव्हता. बाबा, ती गाठ सैल होती. मला बांधतानाच माहीत होतं. मी ओढून बघितलं नव्हतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. घडी करून दोरीबरोबर खिशात ठेवतो. साडेचार झाले. आता उठतो, पायरी उतरतो, गाडीचं दार लावतो, कडी घालतो, एकदा ओढून बघतो.

लागलं.