शुद्धिपत्राशिवाय

प्रिय छकुली,

फोनवर आपण दोघे हवामान आणि माझा रक्तदाब यांच्यापलीकडे कधी जात नाही. त्यामुळे हे पत्र पाहून तू दचकशील. काळजी नसावी. प्रकृती ठणठणीत आहे आणि तुझ्या आईच्या मते जीभही.

गेले चार महिने दर गुरुवारी दुपारी मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जातो. लहानपणी ज्यांची शाळा हुकली, अशी मोठी माणसे तिथे वाचायला शिकतात. छापखान्यात एकतीस वर्षे मुद्रिते तपासलेल्या मला हे काम म्हणजे हातचा मळ वाटले होते. ग्रंथपालबाईंनी नियम दोनच सांगितले. वाचणारा अडखळला, तर मनातल्या मनात दहापर्यंत मोजल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारायचा, तोही मजकुराविषयी, शब्दांविषयी नव्हे. दुसरा नियम मला फाजील वाटला.

माझ्या वाट्याला छप्पन्न वर्षांचा एक वेल्डर आला. अक्षरांवाचून याने एवढी वर्षे काढली कशी, याचे मला विलक्षण कुतूहल होते. गोळ्या तो रंगावरून ओळखतो आणि बसगाडी ड्रायव्हरच्या मिशीवरून. कुठे अर्ज भरायची वेळ आली, की चष्मा घरी राहिल्याचे सांगतो. चष्मा त्याने जन्मात घेतलेला नाही. पुस्तक त्याला नकोच होते. मोठ्या भावाचे नऊ वर्षांपूर्वीचे पत्र तो खिशातून घेऊन आला होता. शेजाऱ्याने ते तेव्हा वाचून दाखवले होते. पण वाचता वाचता शेजारी क्षणभर थबकला आणि एक ओळ त्याने गाळली, असा याला संशय होता. ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची, एवढ्यासाठी तो आला होता.

दहाव्या गुरुवारी आम्ही त्या ओळीपाशी पोहोचलो. ओळीखाली बोट सरकवत, कपाळावरचा घाम पुसत त्याने वाचले, “आई शेवटपर्यंत तुझी वाट पाहात होती.”

मी तत्क्षणी म्हणालो, “पाहात नव्हे. पाहत.”

त्याने पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि तो निघून गेला. पुढचे दोन गुरुवार त्याची खुर्ची रिकामी राहिली.

त्याला माझे म्हणणे पटले नसावे, असे मला वाटले. (हसू नकोस.) म्हणून पुराव्यादाखल शब्दकोश पिशवीत घालून मी त्याच्या वर्कशॉपवर गेलो. तो एका फाटकाचे गज जोडत होता. मला पाहून त्याने तोंडावरची काच वर केली, पिशवीत काय आहे ते विचारले आणि मी सांगितल्यावर हातातला गज खाली ठेवला. मग इतकेच म्हणाला, “मास्तर, तुम्हाला चूक ऐकू आली. बाकीचं आलं का?”

शब्दकोश तसाच घेऊन मी परतलो, आणि माळ्यावरून तुझ्या वसतिगृहातल्या पत्रांचा डबा काढला. प्रत्येक उत्तरासोबत मी तुला शुद्धिपत्र पाठवत असे. त्याच्या प्रतीही मी जपून ठेवल्या आहेत. त्या संध्याकाळी लाल खुणा वगळून मी तुझी पत्रे प्रथमच वाचली. दुसऱ्या वर्षीच्या एका पत्रात अशा नऊ खुणा आहेत. त्यांतल्या सहाव्या आणि सातव्या खुणेच्या मध्ये तू लिहिले आहेस: बाबा, येत्या रविवारी मला न्यायला याल का? कारण आल्यावर सांगेन. माझ्या शुद्धिपत्रात नऊही चुकांची नोंद आहे. या प्रश्नाचे उत्तर कुठेही नाही, आणि मी आलो नव्हतो, हे मला पक्के आठवते. त्यानंतरची तुझी पत्रे आखूड होत गेली. शेवटचे दोन ओळींचे आहे. त्यात एकही चूक नाही. त्यावर मी ‘उत्तम’ असा शेरा मारला आहे.

वेल्डर परत आला, हे सांगायचे राहिले. मी क्षमा मागितली. तो म्हणाला, मागाहून मागा, आधी ऐका. त्याने ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, त्याला पाऊण तास लागला आणि मी किती वेळा दहापर्यंत मोजले ते मोजले नाही. मग नियमाप्रमाणे विचारले, की आई वाट पाहत होती तेव्हा तुम्ही कुठे होतात. त्यावर तो जे बोलला ते त्याचे आहे, म्हणून इथे लिहीत नाही. पण ग्रंथपालबाई किल्ल्या घेऊन दारात उभ्या राहिल्या, तरी आम्ही उठलो नव्हतो.

त्या रविवारचे कारण मी तुझ्या आईलाही विचारले. ती म्हणाली, “मला काय विचारता? जिला विचारायला हवं होतं, तिला विचारा.” म्हणून हे पत्र. छकुली, त्या रविवारी काय झाले होते? उत्तर सव्वीस वर्षे उशिरा मागतो आहे, तेव्हा ते देण्याची घाई तू करू नयेस. मी दहाच्या पुढेही मोजू शकतो. लिहावेसे वाटले, तर जसे येईल तसे लिही. आणि आजही न्यायला यावे असे वाटत असेल, तर वार तेवढा कळव.

उत्तर द्यायचे राहून गेलेला, पण तुझाच,
बाबा