इतर नव्हे, दूधभाऊ

खाला, तू गेल्यापासून अकोल्याला माझं येणं कमी झालं, पण या आठवड्यात मी रोज तुझ्या स्वयंपाकघरात बसून आहे. अंग अमरावतीत, राजापेठेत. खाली शिकवणीच्या पोरांच्या गाड्या लागतात त्या घरात. वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर एक वेगळंच काम धरलंय. गोव्यात होतो तेव्हा पोर्तुगीज शिकलो होतो, ते आता उपयोगी पडतंय. तिथल्या जुन्या पोर्तुगीज कागदांतून कोण कोणाचा बाप, कोण कोणाची बायको, हे संगणक शोधून काढतो आणि त्यानं लावलेली नाती मी तपासतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मेलेल्यायची सोयरीक जुळवून राहिला का रे?"

परवा एक मृत्युपत्र आलं. एका जमीनदारानं मरताना आपला पलंग आणि माडांची बाग एका माणसाला दिली होती. त्या माणसाची आई जमीनदाराच्याच घरात मोलकरीण. संगणकानं नातं लावलं, मालक आणि नोकर. पण मजकुरात स्पष्ट होतं, दोघंही लहानपणी तिच्याच अंगावर प्यायले होते. संगणकाला दिलेल्या यादीत बाप, आई, भाऊ, नवरा, बाप्तिस्म्याचा धर्मपिता सगळे होते. हे नातं त्यात नव्हतं. आमची गटप्रमुख मुलगी गोव्याहून फोनवर म्हणाली, "काका, 'इतर'मध्ये टाका ना. शुक्रवारी काम द्यायचंय." 'इतर'मध्ये भाडेकरू आहेत, शेजारी आहेत, घरगडी आहेत. एकदा तिथं टाकलं की संगणक पुढच्या सगळ्या कागदांत तेच शिकणार. माझा हात पुढे गेला नाही.

मी जन्मलो आणि आई टायफॉइडनं अंथरुणाला खिळली. समोरच्या दारातली तू, तुझी लेक तान्ही. दुसऱ्या मांडीवर तू मला घेतलंस. हे ऐकलेलं. आठवतं ते नंतरचं. तुझ्या चुलीपाशी आम्ही दोघं एका ताटात भाकर खातोय. तेल मागायला आलेली शेजारीण हसून म्हणते, "काय जोडी हाय वो! लावून द्या लगन." तू हातातलं उलथनं आपटतेस. "तौबा कर! दूधभाऊ हाय तो तिचा. पुन्हा बोलशीन त या दारात येऊ नको." मला वाटलं, माझंच काही चुकलं. मी ताटावरून उठलो, तर तू मनगट धरून खाली बसवलंस. "तू काहून उठून राहिला? जेव." पुढे लेकीच्या निकाहाच्या दिवशी, पाठवणीआधी, मी तिच्या खोलीत शिरलो तेव्हा सासरकडची म्हातारी दचकून म्हणाली, "ये कौन है?" तू मान वर न करता म्हणालीस, "दुल्हन का भाई. दूध पिलाया है मैंने." म्हातारीनं सरकून मला जागा दिली. पुरावा कुणी मागितला नाही.

यातलं काही मी त्या गटप्रमुख मुलीला सांगितलं नाही. वेगळा रकाना हवा, एवढंच म्हणत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "बरं, पण व्याख्या तुम्हीच लिहा. आणि आजच." पुराची बातमी मी उभ्या उभ्या लिहिलेली आहे, या दोन ओळींना दुपार गेली. मग तुझ्या लेकीला फोन लावला. ती म्हणे, "त्यात काय लिहा लागते? अम्मीनं दोघायले पाजलं, म्हून भाऊ." तेच जरा नीटनेटकं करून पाठवलं. आज सकाळी दुसऱ्याच एका कागदात संगणकानं तसलीच जोडी आपणहून ओळखली. मुलीचा निरोप आला, "काका, सापडलं!"

हे पत्र पाठवायचं कुठं? तुला वाचता यायचं ते उर्दू. मराठी असलं की तू लेकीला वाचायला बसवायचीस. तिलाही मी हे देणार नाही. नव्या रकान्यात पाजणारीचं नातंही भरावं लागतं. त्या मोलकरणीपुढे, जमीनदाराच्या बाजूनंही, मी न थांबता 'आई' लिहिलं. तुला मात्र जन्मभर खाला, म्हणजे मावशीच, म्हणालो, आणि वरही तेच लिहिलंय.